चार दिवसांत तीन ग्रॅम

माझा आवाज मोठा आहे आणि राग कायम नाकावर असतो. हे आधीच कबूल करून टाकते, कारण झालं त्यात या दोन्हींचा हात होता. एकवीस वर्षं मी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर रक्त तपासतेय. ट्यूब अर्धवट भरून पाठवणाऱ्या सिस्टर, कुणाला वाचता येणार नाही अशा अक्षरात चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर, उपाशीपोटी या म्हटलं तर "फक्त चहाच घेतला" म्हणणारे पेशंट, सगळ्यांना मी सारखीच फैलावर घेते. त्यामुळे आमच्या लॅबमधून चुकीचा रिपोर्ट जात नाही, अशी माझी ख्याती आहे. निदान त्या गुरुवारपर्यंत तरी होती.

माझं सासर माहेरापासून दोन गल्ल्यांवर. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माहेरच्या कारभारातून मी काही हात काढून घेतलेला नाही. तिथे आई, दादा आणि वहिनी अशी तिघं राहतात. दादा लिफ्ट दुरुस्त करतो, वहिनी कोपऱ्यावरच्या शिलाईच्या दुकानात शाळांचे गणवेश शिवते. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान, पण नात्याने मोठी, म्हणून मी तिला वहिनी म्हणते आणि अरेतुरे करते. ती मला अहोजाहो करते आणि ताई म्हणते. नऊ वर्षांनी तिला दिवस राहिले होते. सातवा महिना लागला होता आणि घरात सगळे जपून पावलं टाकत होते, जणू पोट एकटीचं नाही, चौघांचं आहे.

माझ्या वाट्याला आलं होतं तिचं रक्त. पाचव्या महिन्यात तिचं हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक सहा निघालं, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. लोहाच्या गोळ्या मीच आणून दिल्या, डबीवर वेळ लिहून चिकटवली आणि रोज संध्याकाळी फोन करायला लागले.

"गोळी घेतलीस?"

"घेतली, ताई."

"जेवणानंतर ना? चहासोबत नाही ना?"

"नाही, ताई."

दादा मला रिपोर्टबाई म्हणतो. "रिपोर्टबाईंचा फोन आलाय, सावधान उभी राहा," असं तो तिला मागून म्हणायचा ते मला ऐकू यायचं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. कुणीतरी कडक असावं लागतं घरात.

रविवारी रात्री दादाचा फोन आला, वहिनीला ताप आहे आणि डोळ्यांच्या मागे दुखतंय. मी सोमवारी सकाळी सात वाजताच तिला हॉस्पिटलमध्ये आणलं, स्वतः सुई टोचली, स्वतः तपासलं. डेंग्यू निघाला. कुठून आला हे शोधायला फार डोकं चालवावं लागलं नाही. तिच्या दुकानात इस्त्रीसाठी पाण्याचं एक उघडं पिंप असतं, आणि मशीनखालच्या अंधारात भर दिवसा डास पाय फोडून काढतात. मी मालकाला फोन करून अशी काही हजेरी घेतली की त्याने संध्याकाळच्या आत पिंप उपडं करून धुऊन झाकण आणलं.

प्रसूती विभागाच्या मॅडमनी तिला वरच्या मजल्यावर दाखल करून घेतलं. "ताप कधीपासून?" त्यांनी विचारलं. "काल रात्रीपासून," वहिनी म्हणाली. मॅडमनी कागदावर रविवार लिहून त्याभोवती गोल केला. या तापात दिवस मोजावे लागतात. ताप चढलेला असतो तेव्हा एवढी भीती नसते. खरी भीती चौथ्या-पाचव्या दिवसापासून, ताप उतरायला लागला की.

त्यानंतर आमच्या घरात प्लेटलेट या एकाच विषयावर बोलणं सुरू झालं. आईला तो शब्द जमत नाही, ती "प्लेटा" म्हणते. "आज किती प्लेटा?" हे तिने सोमवारपासून मला इतक्या वेळा विचारलं की लॅबमधले बाकीचेही मला तसंच विचारायला लागले. शेजारच्या काकूंच्या भाच्याच्या वीस हजारांवर आल्या होत्या म्हणे, त्यामुळे काकू येऊन आईला दिवसातून दोनदा घाबरवून जायच्या. सोमवारी वहिनीच्या एक लाख अठ्ठेचाळीस हजार होत्या, मंगळवारी एक लाख दहा, बुधवारी अठ्ठ्याण्णव हजार. आईने बुधवारी जेवणाला हात लावला नाही.

गुरुवारी सकाळी ताप नव्हता. मी साडेसातला तिचं रक्त मशीनला लावलं आणि कागद बाहेर येईपर्यंत हात चोळत उभी राहिले. प्लेटलेट सत्त्याण्णव हजार. म्हणजे घसरण थांबली होती. आणि त्याच्या वर हिमोग्लोबिन बारा पूर्णांक आठ! सोमवारी होतं नऊ पूर्णांक आठ. आमचं मशीन कमी-जास्त असलेल्या आकड्यापुढे बाण छापतं. दोन महिने वहिनीच्या हिमोग्लोबिनपुढे खाली तोंड केलेला बाण छापून येत होता. त्या दिवशी पहिल्यांदा तिथे काहीच नव्हतं. त्याखाली पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती तो आकडा, तोही एकोणचाळीस. त्याच्यापुढेही बाण नव्हता.

मला इतका आनंद झाला की मी सही करायच्या आधीच वॉर्डात फोन लावला. मॅडम सहापासून ऑपरेशनमध्ये अडकल्या होत्या. फोनवर त्यांच्या हाताखालचे नवे डॉक्टर होते.

"एकदम नॉर्मल आहे," मी म्हटलं.

"अरे वा. ताप पण नाहीये," ते म्हणाले. "मग सलाईन काढून टाकू. उद्या घरी जायला हरकत नाही बहुतेक."

मग मी आईला फोन केला. "प्लेटा थांबल्या आणि रक्त वाढलं! तीन ग्रॅम! माझ्या गोळ्या लागू पडल्या बघ." आई फोनवरच रडली. मग दादाला लावला. तो कुठल्यातरी इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या खोलीत होता, तिथून ओरडून म्हणाला, "रिपोर्टबाई, तुम्ही म्हणाल ते!" इतकं कौतुक माझ्या वाट्याला फार येत नाही. मी ते पुरेपूर उपभोगलं.

नऊ वाजता मी कागद फडकावत वर गेले. वहिनी कुशीवर वळून पडली होती. चेहरा पांढरा वाटला, पण चार दिवसांच्या तापानंतर कुणाचा होत नाही? मी रिपोर्ट तिच्या डोळ्यांसमोर धरला.

"बघ. गोळी खायच्या वेळी किती तोंड वाकडं करायचीस. आता बघ."

तिने कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "ताई, पोटात कसंतरीच होतंय. आणि सारखी तहान लागतेय."

"तापानंतर होतं तसं. रिपोर्ट उत्तम आहे तुझा. उगाच मनात काही आणू नकोस." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाले. जाताना सिस्टरलाही सांगितलं, "माझी वहिनी जरा घाबरट आहे, लक्ष ठेवा." हे वाक्य आठवलं की आजही माझी मलाच लाज वाटते.

आमच्या लॅबमध्ये एक भिंगवाले काका आहेत. निवृत्तीला आठ महिने उरलेत, पण मशीनवर त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही. संशय आला की ते काचपट्टी करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आणि त्यांना दिवसातून दहा वेळा संशय येतो. साडेअकराला आम्ही चहा घेत होतो. मी त्यांना वहिनीच्या रक्ताची गोष्ट सांगत होते. तिसऱ्यांदा सांगत होते बहुतेक.

"चार दिवसांत तीन ग्रॅम?" काका कप खाली ठेवत म्हणाले. "कुठल्या दुकानातल्या गोळ्या आहेत गं? आमच्या हिला पण आण दोन डब्या."

ते चेष्टाच करत होते. मी हसलेसुद्धा. आणि हसता हसता माझ्याच तोंडचा आकडा मला पुन्हा ऐकू आला.

लोहाच्या गोळ्यांनी महिन्याभरात एखाद-दुसरा ग्रॅम वाढला तर आम्ही गोळ्या लागू पडल्या असं म्हणतो. चार दिवसांत तीन ग्रॅम रक्त देवसुद्धा वाढवत नाही. हे मला माहीत होतं. मी हे इतरांना शिकवते. दुसऱ्या कुणाचा कागद असता तर मी तो सही न करता बाजूला काढला असता, जुने आकडे काढले असते, वॉर्डाला फोन करून त्यांची खरडपट्टी काढली असती की पेशंटकडे बघता की नाही.

रक्त वाढलं नव्हतं. आटलं होतं. पातेल्यातलं दूध आटून दाट होतं, दूध वाढत नाही, तसं. या तापात बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात आणि रक्तातलं पाणी पोटात, छातीत झिरपून जातं. लाल पेशी तेवढ्याच राहतात, पण पाणी कमी झाल्यामुळे आकडा चढतो. वाहायला रक्तच पुरेनासं झालं की नाडी बसते. आणि मग आईचं आणि पोटातल्याचं, दोघांचंही काही खरं नसतं.

बाण का नव्हता? कारण मशीनला ती बाई गरोदर आहे हे माहीतच नाही. त्याला फक्त "स्त्री" एवढंच माहीत. गरोदरपणात बाईच्या अंगात पाणी वाढतं, रक्त पातळ होतं, म्हणून तिचा आकडा मुळातच खाली असतो. वहिनीचा पीसीव्ही एरवी तीसच असायचा. तिच्या तिसाचे एकोणचाळीस झाले ते चारचौघींच्या नॉर्मलमध्ये जाऊन बसले आणि बाण नाहीसा झाला. मशीनला तिचं तीस माहीत नव्हतं. मला होतं. पण माझ्या डोक्यात गोळ्या होत्या.

"काका, तिची सकाळची ट्यूब," एवढंच मी म्हणाले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ट्यूब काढून दिली. केसासारख्या बारीक काचनळीत रक्त भरून आम्ही ती यंत्रात गरागरा फिरवली. थांबल्यावर नळी उजेडात धरली. खाली लाल भाग आणि वर पाण्याचा पिवळसर भाग. पिवळा भाग तिच्या नेहमीपेक्षा बराच आखूड होता. मशीन खोटं बोललं नव्हतं.

काका म्हणाले, "जा तू. इथलं मी बघतो."

लिफ्टची वाट न बघता मी तीन जिने चढून गेले. त्या वेळी डोक्यात एकच गोष्ट होती, सकाळी साडेसातला कागद आला आणि आता बारा वाजत होते. साडेचार तास. त्यातले चार तास तिला सलाईनसुद्धा नव्हतं, आणि ते माझ्या शब्दावरून काढलं होतं.

वहिनी तशीच कुशीवर होती. मी हात धरला तर हात गार. बोटं तर बर्फ. कपाळावर घाम होता. भिंतीवर लावलेल्या यंत्रात वरचा रक्तदाब शंभर होता, पण खालचा ब्याऐंशी. दोन्ही आकडे जवळ येणं वाईट, हे मला एवढ्या वर्षांत ऐकून ऐकून माहीत झालंय.

"पोट अजून दुखतंय?"

"नाही," ती म्हणाली.

"वहिनी."

तिने डोळे मिटून घेतले. "दुखतंय. उजवीकडे, वर. दोनदा उलटी झाली."

"सिस्टरला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात ना, रिपोर्ट चांगला आहे. मला वाटलं, माझंच काहीतरी." मग तिने डोळे उघडले, आणि ते भरून आले होते. "ताई, एक सांगू? ओरडणार नाही ना? मी गोळ्या महिनाभर घेतलेल्या नाहीत. घेतल्या की ओकारी यायची. सकाळी तुम्ही एवढ्या खूश होतात, मी काय बोलणार?"

मी ओरडले नाही. ओरडायला माझ्याकडे तोंडच उरलं नव्हतं. तिने सकाळी हे सांगितलं असतं तर त्याच क्षणी मला सगळं कळलं असतं. आणि तिने सांगितलं नाही, कारण समोर मी होते.

मॅडम ऑपरेशनमधून नुकत्याच बाहेर आल्या होत्या, डोक्याची टोपीसुद्धा काढली नव्हती. मी दारातच त्यांना धरलं. एका दमात म्हणाले, "मॅडम, माझी चूक झाली. तीसचा पीसीव्ही एकोणचाळीस झालाय आणि मी नॉर्मल म्हणून कळवला. हात गार आहेत, पोट दुखतंय, उलट्या आहेत. सलाईन काढलंय."

त्यांनी चूक वगैरे काही ऐकून घेतलं नाही, त्या चालायलाच लागल्या. दोन मिनिटांत सिस्टरनी सुई लावली, लघवीची नळी घातली, बाळाचे ठोके ऐकायला यंत्र आणलं. ठोके पळत होते, पण होते. ते नवे डॉक्टर एका कोपऱ्यात पांढरेफटक पडले होते. मी त्यांना म्हटलं, "तुमचं काही चुकलं नाही, मी सांगितलं म्हणून तुम्ही काढलंत." मी असं कुणाला म्हटल्याचं माझ्या आठवणीत नाही.

"आता सगळं मोजूनमापून," मॅडम मला म्हणाल्या. "पाणी कमी पडलं तर नाडी जाईल, जास्त झालं तर फुप्फुसात भरेल. आणि हिला सातवा महिना, आधीच धाप लागते. मला दर दोन तासांनी पीसीव्ही हवा. तुम्ही कराल की दुसरं कुणी?"

"मी करेन," मी म्हटलं.

"तुमच्या घरचीच पेशंट आहे."

"म्हणून तर या वेळी दोनदा बघेन."

आणि प्रत्येक वेळी दोनदा बघितलं. दुपारी दीडला एक्केचाळीस. साडेतीनला एक्केचाळीसच. दादा आला होता, कामाचे तेलकट कपडे तसेच. मी त्याला सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. त्याने तेलकट हात शर्टाला पुसले. मग म्हणाला, "आईला काय सांगू? तिने सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय, सुनेचं रक्त वाढलं म्हणून." मी म्हटलं, "मी सांगेन." आईला मी फोनवर सांगितलं, तर तिला आधी काही कळलंच नाही. रक्त वाढलं म्हणजे वाईट कसं, एवढंच ती विचारत राहिली. मी समजावत राहिले, तिसऱ्यांदा समजावताना माझा आवाज चढला नाही, तेव्हा ती घाबरली. "तू ओरडत नाहीयेस," ती म्हणाली. "म्हणजे फारच वाईट आहे का गं?"

साडेपाचला एकोणचाळीस. संध्याकाळी सात वाजता हात जरा कोमट झाले. रात्री मॅडमनी मला बळंच घरी पाठवलं आणि ट्यूबा काकांनी तपासल्या. निवृत्तीला आठ महिने राहिलेला माणूस रात्रपाळीला थांबला, आणि सकाळी मला फक्त एवढंच म्हणाला, "पहाटे पस्तीस. मशीनवर पण केलं आणि नळीवर पण."

शुक्रवारी सकाळी आठला मी पुन्हा रक्त काढलं. एकतीस. मला वाटलं आता जीव भांड्यात पडायला हरकत नाही. कागद घेऊन मॅडमकडे गेले तर त्यांनी तो बराच वेळ हातात धरून ठेवला.

"उतरणं दोन तऱ्हेचं असतं," त्या म्हणाल्या. "झिरपलेलं पाणी परत रक्तात आलं तरी आकडा उतरतो, तेव्हा बाई सुधारते. आणि आत कुठे रक्तस्राव सुरू झाला तरी उतरतो. प्लेटलेट कमी आहेत, पोटात बाळाची वार आहे, काहीही होऊ शकतं. नाडी आत्ता बरी आहे, पण सुरुवातीला बरीच असते. सोनोग्राफी करतेच आहे. पण मला एक पटत नाही. रविवारी रात्री ताप धरला तर आज पाचवा-सहावा दिवस. पाझर थांबायला हे लवकर वाटतंय."

"मग?"

"मग जाऊन विचारा तिला. नीट सगळं विचारा, लिहून आणा. मी विचारलं की ती 'बरी आहे' म्हणते. तुमची वहिनी आहे ना, तुम्हाला सांगेल."

मला काय सांगायची ती? मला खूश ठेवायला जी बाई उलट्या लपवते, ती मला काय सांगणार? जिन्याच्या वळणावर मी थोडा वेळ उभी राहिले. एकवीस वर्षांत मी हजारो माणसांच्या दंडातून रक्त काढलंय. बोलणं काढून घ्यायची वेळ कधी आली नव्हती.

वहिनी उशीला टेकून बसली होती. माझ्या हातात कागद बघून ती लगेच म्हणाली, "चांगला आहे ना रिपोर्ट? मला बरं वाटतंय."

मी कागद घडी करून खिशात घातला आणि स्टूल ओढून तिच्याजवळ बसले.

"काल माझी चूक झाली," मी म्हटलं. "तुझा कागद वाचता आला नाही मला. तू पोट दुखतंय म्हणालीस आणि मी तुला गप्प केलं. तू बरोबर होतीस, वहिनी. कागद बरोबर होता, तू बरोबर होतीस, फक्त मी चुकले. आज या आकड्यावरून काही कळत नाहीये. मॅडमनाही कळत नाहीये. तू सांगशील त्यावरच ठरणार आहे. म्हणून मला आज फक्त तक्रारी सांग. चांगलं एक पण सांगू नकोस."

 मी पेन आणि एक कोरा कागद काढला. मग तिने जरा चाचपून बघितल्यासारखं सुरू केलं.

"तळहातांना खाज येते. खूप. तळपायांनापण."

मी लिहिलं. ताप सरताना अशी खाज येते हे मला माहीत होतं, पण मी चेहरा कोरा ठेवला.

"पिशवी बदलायला सिस्टर सारख्या येतात. लघवी थांबतच नाहीये."

मी लिहिलं.

"पोट?"

"कालच्या जागी दुखत नाही. पण बाळ लाथा मारतंय, पहाटेपासून. झोपू देत नाही." तिने पोटावर हात ठेवला. "आणि भूक लागलीय. ते पातळ सूप नको मला. ते सूप नाही, भांडी धुतलेलं पाणी आहे."

"कुठून रक्त, डाग, काही?"

"नाही. खरंच नाही. दोनदा बघितलं मी."

"आणखी?"

आता तिला जोर चढला होता. उशी कडक आहे. पलीकडच्या खाटेवरची बाई घोरते. दादा आल्यापासून फक्त बसून राहतो, काही बोलत नाही, त्याचा तसा चेहरा बघून जास्त भीती वाटते. आई फोनवर रडते. माझा हात सुईला हलका आहे पण बोलताना मी खाट हलवते. मी सगळं लिहीत गेले. कागदाची एक बाजू भरली, मी उलटवला. माझ्या आयुष्यात इतक्या तक्रारी ऐकून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडू नये म्हणून मी मान तिरकी धरली होती.

मग ती थांबली. चादरीची कड बोटांनी चाचपत राहिली, कापड तपासल्यासारखी.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "ते लिहू नका पाहिजे तर."

"सांग."

"ताप रविवारी आला नव्हता. शनिवारी सकाळीच आला होता. दुकानात मशीनवर बसले तेव्हाच अंगात कणकण होती. दुपारी तर सुईत दोरा ओवता येईना. घरी येऊन झोपले आणि यांना पण सांगितलं, आत्ता बोलू नका. म्हटलं, तुमच्या कानावर गेलं तर गोळ्यांचं निघेल, पाण्याच्या पिंपाचं निघेल, तुला कळत नाही का म्हणाल." तिचा आवाज अगदी लहान झाला. "मला तापापेक्षा तुमची जास्त भीती वाटते, ताई."

मी मनातल्या मनात बोटं मोजली. शनिवार धरला तर आज सातवा दिवस. पाझर थांबायचा हाच दिवस. मॅडमना जे पटत नव्हतं ते आता पटणार होतं. खाज, लघवी, भूक, सातवा दिवस, सगळं एका ओळीत येत होतं. वहिनी सुधारत होती. बाळ लाथा मारत होतं.

मी हे तिला सांगितलं. तिचा हात हातात घेऊन, हळू आवाजात, सगळं सांगितलं. ती रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "मग काहीतरी धड खायला मिळेल का?"

"मिळेल," मी म्हटलं.

मग मी कागद गुडघ्यावर नीट धरला. "ताप शनिवार सकाळपासून" असं सर्वांत वर लिहिलं आणि मॅडमसारखाच त्याभोवती गोल केला. का लपवला, हे मॅडमना कळायची काही गरज नव्हती. औषधात त्याने काही फरक पडणार नव्हता. तरी खाली जागा उरली होती, तिथे मी लिहिलं, "पेशंटला नणंदेची भीती वाटते, म्हणून सांगितलं नाही." सही केली, वेळ घातली, आणि कागद मॅडमच्या हातात नेऊन दिला.